काचेच्या पेटीतला समुद्र

आज ज्या विषयावर मी आपल्याशी बोलणार आहे, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की खाऱ्या पाण्याची माझी पहिली टाकी सहाव्या दिवशी मेली. टाकी मेली म्हणजे तिच्यातले सगळे प्राणी मेले. बोयची चार पिल्ले, तीन कोलंब्या आणि शंखात राहणारा एक खेकडा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही टाकी मी मोठ्या हौसेने मांडली होती. मुलांना बोलावून दाखवली होती, आणि मग त्याच मुलांच्या देखत ती उपसून टाकावी लागली. एका मुलाने विचारले, "सर, यांना झालं काय?" मी म्हणालो, "पाणी बिघडलं." पाणी कशाने बिघडले हे मात्र मला सांगता आले नाही. ते शोधायला मला एक वर्ष लागले. त्या वर्षात जे कळले ते आज आपल्याला सांगतो. आपल्यापैकी कोणी शिक्षक शाळेत अशी टाकी मांडणार असेल, तर निदान त्याची कोलंबी तरी वाचावी.

प्रथम टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढी काचेची पेटी पुष्कळ झाली. गावातला आरसे-काचा बसवणारा कारागीर ती सिलिकॉनने जोडून देतो. काच पाच-सहा मिलिमीटर जाडीची घ्यावी. हिच्यात साधारण ५६ लिटर पाणी मावते. वरची दोन बोटे आणि दगडांची जागा सोडली, तर प्रत्यक्षात ४० ते ४५ लिटर भरते. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडेल असे वाटते, पण ती महाग पडते. लहान भांड्यातले पाणी चटकन तापते, चटकन आटते आणि चटकन नासते. भरलेल्या टाकीचे वजन दगड धरून ७० किलोच्या आसपास जाते, हेही लक्षात घ्या. शाळेतला डुगडुगता बाक तिला चालणार नाही. भिंतीलगत विटांचा ओटा रचावा, त्यावर फळी ठेवावी आणि फळीवर थर्माकोलचा पत्रा, म्हणजे काचेला एका जागी दाब बसत नाही.

आता पाणी. आपण वसईचे लोक. मिठागरे आपल्या दाराशी. तेव्हा साहजिकच मनात येते, की मिठागरातले खडे मीठ आणावे, विहिरीच्या पाण्यात कालवावे, झाला समुद्र! मलाही प्रथम असेच वाटले होते. ही चूक कशी, ते मिठागरातच समजते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले सुमारे २७ ग्रॅम आपले जेवणातले मीठ. उरलेल्या आठ ग्रॅमांत मॅग्नेशियम आहे, गंधकाचे क्षार आहेत, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे. मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत आटत जाते, तेव्हा आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्सम बसते, आणि पाण्याची तीव्रता बोमेच्या काट्यावर २५ अंशांच्या वर गेली की मीठ धरू लागते. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहते, आणि मीठ ओढून झाल्यावर उरलेले ते कडू पाणी आगरी सोडून देतो. म्हणजे मिठागराचे सगळे कसब समुद्रातून मीठ तेवढे निवडून काढण्यात आहे. ते मीठ पाण्यात टाकून समुद्र परत मिळत नाही. शंख वाढवायला गोगलगायीला कॅल्शियम हवे, ते तर पहिल्याच कोंडीत राहून गेलेले असते! बाजारात मत्स्यालयासाठी तयार क्षारांचे मिश्रण मिळते. ते चांगले असते, पण महाग. आपल्याला समुद्र जवळ असताना त्याची गरज नाही.

मात्र मिठागरातला तो बोमेचा काटा आपल्या कामाचा आहे. काचेच्या नळीचा, पाण्यात उभा तरंगणारा. समुद्राच्या पाण्यात तो साडेतीन अंशांच्या जवळपास उभा राहिला पाहिजे. दुकानातल्या मत्स्यालयाच्या काट्यावर हीच खूण १.०२५ अशी असते. काटे दोन, गोष्ट एकच.

समुद्राचे पाणी आणायचे कधी? इथे मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने शहाणे केले. बाई पाचूबंदरच्या, मासळी विकून आयुष्य काढलेल्या. माझी मेलेली टाकी पाहायला नातवाबरोबर आल्या होत्या. मी सांगितले, पुनवेला मोठ्या भरतीचे पाणी भरून आणले. मला वाटले होते, मोठी भरती म्हणजे बाहेरच्या समुद्राचे स्वच्छ पाणी. त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, उधाणाला कशाला गेलात? सगळा गाळ उठलेला असतो. भांगाला जा, भरती पुरी भरली की उचला." गोष्ट अगदी खरी होती. उधाणाला पाण्याची धाव जोराची, म्हणून तळ ढवळतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती मंद असते आणि गाळ खाली बसलेला असतो. वेळ काढायला आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहेच, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती पुरी होते. शाळा भरण्याआधी काम उरकते.

पाणी खाडीच्या मुखाशी घेऊ नका. नाले जिथे समुद्राला मिळतात तिथे तर नकोच. वसई-विरारची वस्ती किती वाढली आणि तिचे सांडपाणी कुठे जाते, हे मी आपल्याला सांगायला नको. कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या बाजूला, नाल्यांपासून लांब, मोकळ्या किनाऱ्यावर घ्या. प्लॅस्टिकचे कॅन खाण्याच्या वस्तूंचे असावेत. रसायनांचे, फिनाइलचे नसावेत. आणलेले पाणी झाकून, अंधारात, दोन आठवडे तसेच ठेवा. गाळ खाली बसतो. मग वरचे निवळ पाणी नळीने काढून चौपदरी सुती कापडातून गाळून घ्या. तांब्या-पितळेचे भांडे या कामात आणू नका. पिण्याच्या पाण्यासाठी आपण तांबे गुणकारी मानतो, पण कोलंबी, खेकडे आणि गोगलगायी यांना तांब्याचा अंशही विषासारखा आहे.

आता माझी टाकी मेली कशाने, ते सांगतो. शेतकरी श्रोत्यांना हे लवकर कळेल. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. शेतात तो मुरतो, जमिनीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि पीक तो नत्र उचलते. हे जिवाणू विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत, धुतलेल्या काचेवर आणि धुतलेल्या दगडावर, हे जिवाणू नसतात म्हटले तरी चालेल. तिथे पहिल्याच दिवशी आठ प्राणी सोडले, तर अमोनिया साठत जातो आणि सहाव्या दिवशी माझ्यासारखी फजिती होते. गोड्या पाण्यात यातून थोडी सुटका असते. खारे पाणी जरा अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त जहाल ठरतो. गोड्या पाण्यातले मासे पाळून हात बसलेली माणसे इथेच फसतात.

यावर उपाय पैशाचा नाही, धीराचा आहे. टाकीत पाणी भरा, दगड रचा, हवा सुरू करा, आणि प्राणी सोडू नका. कोलंबीचा एक लहान तुकडा मात्र पाण्यात सोडून द्या. तो कुजू लागतो, अमोनिया होतो, आणि त्यावर जगणारे जिवाणू दगडादगडावर वस्ती करू लागतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट तपासायची द्रवाची बाटली दुकानात मिळते. एवढा एक खर्च मात्र टाळू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रंग गडद येतो, मग दुसऱ्या बाटलीचा येतो, आणि एके दिवशी दोन्ही कोरे राहतात. त्या दिवशी टाकी जिवंत झाली. मुलांना रोज रंग पाहून फळ्यावर आलेख काढायला लावा. रिकाम्या पाण्याकडे सहा आठवडे पाहत बसायचे, म्हणून मुले कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

दगड कोणते? परदेशी पुस्तकांत प्रवाळाचे सच्छिद्र दगड सांगितलेले असतात. ते आपल्याला घेता येत नाहीत, याचे कारण पुढे सांगतो. आपला साधा काळा दगड चांगला. बांधकामाच्या ढिगातला घ्यावा, किनाऱ्यावरचे खडक फोडू नयेत. गंज किंवा सिमेंट लागलेला दगड टाळावा. जुन्या मंगलोरी कौलाचे तुकडे उत्तम. त्यांच्यावर जिवाणू छान बसतात आणि खेकड्यांना लपायला कपारी होतात. कालवांची रिकामी शिंपले उकळून, वाळवून तळाशी पसरा. ती अगदी सावकाश विरघळतात आणि पाण्याचा अल्कधर्म थोडाफार सांभाळतात. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता हवा. पाणी जितके गरम आणि जितके खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. उन्हाळ्यात आपल्या टाकीत तो लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून हवेचा छोटा पंप दिवसरात्र चालू हवा. त्याला स्पंजची गाळणी जोडली की काम भागते. इतक्या थोडक्यात भागते, हे आधी करून दाखवले ते जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी आपली रीत अमेरिकेतल्या एका मत्स्यविषयक मासिकात लिहिली. समुद्राचे खरे पाणी, समुद्रातले जिवंत दगड, खिडकीचे ऊन आणि हवेचे बुडबुडे. बाकी यंत्रसामग्री नाही. त्या काळी युरोप-अमेरिकेतले लोक मोठमोठ्या गाळण्या लावून खाऱ्या पाण्याचे प्राणी मारत होते, आणि हा गृहस्थ समुद्राकाठी बसून ते जगवत होता. समुद्राजवळच्या गरीब शाळेला साजेशी हीच रीत आहे.

वीज गेली तर काय, असे आपण विचाराल. पालघर जिल्ह्यात हा प्रश्न आधी सुचायला हवा. याचे उत्तर मला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडले. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून थोडे जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तिथे समुद्र नाही, वीज नाही, पंप नाही. मग त्यांच्या घरी कामाला असलेली मुलगी उघड्या खिडकीपाशी उभी राहून, रोज अर्धा-पाऊण तास, ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धारेने ओतत असे. धारेबरोबर हवा मिसळत असे, आणि प्रवाळ जगले. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे रूढ झाला. पाणी ओतणाऱ्या त्या मुलीचे नाव मात्र माझ्या वाचनात कुठे आले नाही. आमच्याकडे वीज गेली की पाळीचा विद्यार्थी प्लॅस्टिकच्या मगाने टाकीतलेच पाणी उचलून वरून धार धरतो. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटे. तासिकेत व्यत्यय येतो खरा. मी तो येऊ देतो.

पाणी आटते तेव्हा क्षार जागेवर राहतात, हे मिठागराच्या गावाला समजावून सांगायला नको. टाकी भरली त्या दिवशी काचेवर बाहेरून रंगाची रेघ मारा. पाणी रेघेखाली उतरले की साधे गोडे पाणी घालून रेघेपर्यंत आणा. त्यासाठी खारे पाणी वापरू नका. अकरा इंच पाण्यातले दोन इंच आटले, तर लिटरमागे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ४३ ग्रॅम होतात. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी दोन दिवस उघडे ठेवून मग वापरा. याशिवाय आठवड्याला चार-पाच लिटर जुने पाणी काढून तितकेच साठवणीतले समुद्राचे पाणी घाला. मे महिन्यात पाणी तापते. तेव्हा झाकण काढून वरून लहान पंखा लावावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हेही दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र आटतेही जास्त, तेव्हा रेघेकडे लक्ष ठेवा. आणि टाकीच्या खोलीत डासांचा फवारा मारू नका. पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

आता प्राणी. मुलांना पहिल्या दिवसापासून एकच हवा असतो, तो सिनेमातला नारिंगी पट्ट्यांचा मासा. आणि त्याच्यामागे रंगीत प्रवाळ. त्यांना सरळ सांगावे, की वसईच्या समुद्रात प्रवाळाची बाग नाही. का नाही, हाच मोठा पाठ आहे. दगडी प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात आणि उन्हावर अन्न तयार करतात, म्हणून त्याला निवळ पाणी आणि स्वच्छ प्रकाश लागतो. आपल्याकडे उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हासची खाडी. दोघी गाळ आणि पावसाळ्यात गोडे पाणी आणून ओततात. प्रवाळ पाहायचे तर मालवणला सिंधुदुर्गाजवळ, किंवा दूर समुद्रात, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, आंग्रिया बँकेत. मुंबईच्या खडकांवरही थोडे तग धरून आहेत. सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजीअलीच्या १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, आणि त्याला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली.

कारण दगडी प्रवाळ, मेलेला असो वा जिवंत, आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. वाघाला जो कायदा, तोच त्यांना. दुकानदार प्रवाळाचा तुकडा स्वस्तात देऊ लागला, तर शिक्षकाने तो घेऊ नये. कशाबद्दल शंका असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारावे, आणि किनाऱ्यावरचे काही उचलण्यापूर्वी तर विचारावेच. तो नारिंगी मासा मात्र पाळीव जोडीपासून वाढवलेला मिळतो. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने अशी अंडी उबवण्याचे काम केले आहे. वाढवलेलाच हवा, असा आग्रह धरा. समुद्रातून पकडलेला घेऊ नका.

पण माझा आग्रह आपल्याच किनाऱ्याचा. ओहोटीला खडकांच्या डबक्यात जे राहते, ते टाकीत राहते. ऊन, गढूळपणा, खारटपणाचे चढउतार हे सगळे त्याने सोसलेले असते. शंखवासी खेकडे दोन, खडकाला चिकटणाऱ्या गोगलगायी चार-पाच, सुट्या लहान दगडावर बसलेले एखादे समुद्रफूल, आणि पुष्कळ दिवसांनी एखादी कोलंबी. एवढेच. दोन आठवड्यांतून एक प्राणी वाढवावा, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला वेळ मिळतो. निवटी आणू नका. ती चिखलाची, उड्या मारून बाहेर जाते. चिंबोरी तर मुळीच नको. एका रात्रीत सगळ्यांचा समाचार घेते. खाणे एक दिवसाआड, तांदळाच्या दाण्याएवढे कोलंबीचे मांस, आणि अर्ध्या तासात उरलेले काढून घ्यायचे. माझ्या दुसऱ्या टाकीतल्या समुद्रफुलाला तो दाणा चिमट्याने दिला की ते हळूहळू मिटते. मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा एक मुलगा ते पाहून मोठ्याने म्हणाला, "सर, हे जेवतंय!" फूल म्हणतात त्याला, आणि ते जेवते, ही गोष्ट पुस्तकातून त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

टाकी, पंप, काटा, तपासणीच्या बाटल्या आणि एक साधा पांढरा दिवा मिळून माझा खर्च चार हजारांच्या आत राहिला. प्राण्यांना आणि पाण्याला पैसे पडले नाहीत, श्रम पडले.

एक प्रश्न मात्र उरतोच, आणि तो मला त्याच आजींनी विचारला. "यांना घरी कधी सोडणार?" आम्ही किनाऱ्यावरून आणलेले प्राणी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी, जिथून उचलले त्याच डबक्यात, ओहोटीला नेऊन ठेवतो. पण ज्या टाकीत दुकानातला मासा एकदा पडला, तिच्यातले काहीही समुद्रात सोडायचे नाही, मासाही नाही आणि पाणीही नाही. आपल्याकडचा काटेरी सिंहमासा अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर १९८५ साली प्रथम दिसला. हौशी लोकांच्या टाक्यांतून तो तिथे पोचला असे मानतात. तिथले लहान मासे त्याने खाऊन फस्त केले, आणि अजून तो आवरत नाही. म्हणून दोन टाक्या दोन मार्गांच्या. किनाऱ्याची टाकी किनाऱ्याकडे परत जाऊ शकते. दुकानची टाकी शाळेतच राहणार, आणि सुटीत तिला कोणीतरी सांभाळावे लागणार. ज्या शाळेत सुटीत शिपाईही नसतो, तिने दुकानचा मासा आणू नये.

आणि पावसाळ्याचे विसरू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्याचे पाणी गोडसर आणि चिखलाचे असते, टाकीच्या उपयोगाचे नसते. तेव्हा मे महिन्यातल्या एखाद्या अष्टमीला पहाटे जाऊन तीस-तीस लिटरचे तीन कॅन भरून आणा, अंधाऱ्या खोलीत ठेवा, आणि त्यावर तारीख लिहा. आठवड्याला चार-साडेचार लिटर धरले, तर तेवढे पाणी ऑक्टोबर लागेपर्यंत पुरते.